सूरजबाईच्या अंगातला सूर्य

वाशीम गावात तेव्हा वेळ सांगणाऱ्या तीन गोष्टी होत्या : चौकातलं देणगीचं घड्याळ, जिनिंगचा भोंगा आणि सूरजबाई. घड्याळ देणगीदार वारले त्याच वर्षी थांबलं होतं. भोंगा कपाशीच्या दिवसांत तेवढा वाजायचा. बारमाही भरवसा ठेवावा अशी एक सूरजबाईच.

सूरजबाई म्हणजे कापसाचे अडते पूनमचंद यांच्या पत्नी. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा नेम त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी महाराजांपुढं हात जोडून घेतला होता. पाण्याची सूट होती, अन्नाची नाही. नेम तर गावातल्या पुष्कळ जैन घरांत होता. पण बाकीच्या बायका सूर्यास्त पंचांगात पाहायच्या, सूरजबाई पाहत नसत. आभाळ कितीही भरलेलं असो, स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसल्या बसल्या त्या उजवा हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "बस." साऱ्या घराचे घास तिथंच थांबायचे. शेजारणी भिंतीवरून विचारायच्या, "झालं का वो तुमचं बस?" आणि मग आपापली ताटं उचलायच्या.

"माझ्या अंगातच सूर्य आहे," असं सूरजबाई सांगत. ते खरं नाही असं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. घरात तर नव्हतीच, कारण घरात त्यांच्या खालोखाल होती धाकटी जाऊ प्रेमाबाई, आणि बावीस वर्षांच्या संसारात प्रेमाबाईला दोन शब्द पुरले होते : "हो, भाभीजी."

ही गोष्ट त्या दोन शब्दांच्या मालकिणीची आहे.

चौऱ्याहत्तर सालात पूनमचंदांच्या माडीवर जगदेव इंगोले नावाचे प्राध्यापक भाड्याने राहत होते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि डॉक्टरेटसाठी अभ्यास करायचे. माणसाच्या शरीरात स्वतःचं घड्याळ असतं, असा त्यांचा विषय होता. झोप, भूक, अंगाची ऊब, सगळं त्या घड्याळावर चालतं. माणसाला सूर्य दिसेनासा केला की ते आपल्या मनाने चालू लागतं आणि रोज तासभर मागं पडतं, असं परदेशातल्या शास्त्रज्ञांना आढळलं होतं. परदेशी माणूस मागं पडतो म्हणून वाशीमचाही पडतो का, हे पाहायचं होतं. त्यासाठी अंगावर यंत्र बांधून सात दिवस बंद खोलीत राहणारा माणूस हवा होता. कॉलेजचा शिपाई गोविंदा एकदा तयार झाला. तिसऱ्या दिवशी दार ठोठावून बाहेर आला आणि म्हणाला, "सर, आतमंदी चहा भेटते, पण कोनासंग घ्याचा?"

सरांनी ही हकिगत जिन्यावर उभं राहून सांगितली. सूरजबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी बसतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदावर लिहून घ्या, माझा सूर्य मागं पडत नाही."

"काकू, सात दिवस..."

"सातच? आमच्यात आठ दिवसाचे उपास करतात, तेबी पाहुणे सांभाळून. प्रेमा, माझं आसन न् माळ काढून ठेव."

"हो, भाभीजी," प्रेमाबाई म्हणाली.

पहिली अडचण यंत्राची आली. सरांनी नागपुराहून उसनं आणलेलं यंत्र सेलवर चालत होतं. सूरजबाई रोज सामायिक करायच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर निश्चल बसायच्या. आणि तेवढ्या वेळात विजेच्या वस्तूला शिवायचं नाही, कारण अग्नीतही जीव असतात. सेल म्हणजे वीजच. यंत्र नागपूरला परत गेलं. सरांचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा स्टँडजवळचे घड्याळवाले गफ्फारभाई म्हणाले, "इंगोले सर, माणूस हलला का नाही येवढंच पाहाचं ना? त्याले वीज कायले पाह्यजे?"

गफ्फारभाईंनी आठ दिवसांच्या किल्लीच्या एका घड्याळाची तबकडी आणि काटे काढून टाकले आणि यंत्र सुपारीच्या डब्यात बसवलं. अकोल्याहून तारयंत्राच्या कागदी फितीचं रीळ मागवलं. घड्याळ ती फीत तासाला दोन सेंटीमीटर ओढायचं. स्प्रिंगला लोंबकळणाऱ्या एका वजनाला पेन्सिलीचं शिसं लावलेलं होतं. अंग हललं की फितीवर वाकडीतिकडी रेघ, अंग स्थिर असलं की सरळ. टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून डब्याला आतून कापूस. हा डबा पट्ट्याने कमरेला बांधायचा.

सूरजबाईंनी तो हातात घेऊन कानाला लावला. "याले काटे नाहीत?"

"नाही जी. हे टाइम सांगत नाही, लिहून घेते फक्त."

"म्हणजे आमच्या मालकासारखं. रातदिस चालू, सांगत काही नाही."

पूनमचंद तिथंच उभे होते. त्यांनी काही सांगितलं नाही.

खोली पूनमचंदांच्याच गोदामातली. गणपती नुकतेच गेले होते, कपाशी यायला अवकाश होता, त्यामुळे गोदाम रिकामं. त्याच्या पोटात सरकी साठवायची एक दगडी खोली होती. दोन हात जाड भिंत, उजेडाला फट नाही, मागं मुनीमासाठी बांधलेली मोरी. भिंतीत सरकी ओतायची खिडकी होती. तिला आतून आणि बाहेरून अशी दोन झाकणं बसवली, म्हणजे ताट आत जाईल पण उजेड जाणार नाही. झोपायचं तेव्हा कंदील बारीक करायचा, उठलं की मोठा. जेवण हवं असलं की दोरी ओढायची. बाहेर घंटी वाजेल, सर वेळ लिहून घेतील, प्रेमाबाई ताट सरकवेल. बाहेरच्या कुणी त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बोलण्यावरूनही वेळ कळतो, असं सरांचं म्हणणं.

सोमवारी सकाळी जेवण उरकून दहा वाजता सूरजबाई आत गेल्या. दार लागण्याआधी त्यांनी प्रेमाबाईला बजावलं, "ब्याळूचं ताट टायमावर तयार ठेवजो. मी पाचाले घंटी वाजवीन. सव्वासहाले सूर्य जाते, त्याच्या आत माझं आवरलं पाह्यजे. उशीर झाला तं त्याचं पाप तुया डोक्यावर."

"हो, भाभीजी."

ब्याळू म्हणजे दिवस असताना घ्यायचं संध्याकाळचं जेवण. आणि पापाचा हिशेब असा, की रात्री जेवणाऱ्यापेक्षा जाणूनबुजून वाढणाऱ्याला दोष जास्त. प्रेमाबाईला हे चांगलं माहीत होतं. घरात बावीस वर्षं वाढण्याचं काम तिचंच होतं.

सोमवारी पाचला घंटी वाजली. अगदी ठोक्याला. प्रेमाबाईने ताट सरकवलं आणि सरांकडे अशा नजरेने पाहिलं की सरांनी उगाच चष्मा पुसला.

मंगळवारी सकाळचं जेवण नऊला व्हायचं, ते दहाला झालं. संध्याकाळचे पाच वाजले, साडेपाच वाजले. प्रेमाबाई ताट मांडीवर घेऊन बसलेली. सहा वाजून पाच मिनिटांनी घंटी. ताट आत गेलं, आणि प्रेमाबाई गोदामाच्या दारात उभी राहून मावळतीच्या अंगाला सूर्याकडे टक लावून पाहत राहिली, जणू तिने नजर काढली तर तो खाली पडेल. सूर्य टेकला तेव्हा रिकामं ताट परत आलं होतं. दोन मिनिटांचं अंतर राहिलं असेल.

"मागं पडलं," सर हळूच म्हणाले. "एक तास पाच मिनिटं! गफ्फारभाई, हे जगात छापून येईल."

"आन् उद्या?" प्रेमाबाईने विचारलं.

"उद्या सात-सव्वासात."

"उद्या सव्वासाताले रात असते, सर."

"त्यांच्या अंगात नसेल ना," सर म्हणाले. आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

बुधवारी सूर्य सव्वासहाला आपल्या वेळेवर गेला. रमजान चालू होता. गफ्फारभाई दिवसभराचा रोजा सोडायला गोदामातच बसले होते. डब्याची काळजी वाटायची म्हणून ते रोज संध्याकाळी येत आणि खिडकीला कान लावून जात. गंमत अशी, की सूर्याच्या ज्या टोकाला सूरजबाईंचं ताट बंद व्हायचं, त्याच टोकाला गफ्फारभाईंचं उघडायचं. त्यांनी खजूर खाल्ला, पाणी प्याले. मेहरबीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, डब्यात आलूचे भजे दिले होते. शेजारी बाजाराची थैली टेकवून ठेवली होती.

सात वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजली.

कुणी हललं नाही. घंटी पुन्हा वाजली, आता जरा मालकिणीच्या सुरात.

"द्या, प्रेमाबाई," सर म्हणाले.

"नाही."

हा शब्द प्रेमाबाईच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर आला असावा. तिलाही तो नवीन वाटला, पण बसला नीट.

"अहो, त्या स्वतः तयार झाल्यात..."

"त्या जेवायले तयार झाल्या, रातीच्या जेवायले नाही. सत्तावीस वर्षं त्यांनं तापात खाल्लं नाही, बाळंतपणात खाल्लं नाही. आन् माह्या हातून तो नेम मोडाचा? सर, तुमी शिकलेले आहात, पण नेम काय असते हे तुमाले नाही समजत."

"मग काय सांगता त्यांना? रात्र झाली म्हणून?" सरांनी डोकं धरलं. "ते एकदा सांगितलं की संपलं. त्यांचं घड्याळ परत सूर्याला जुळेल. दोन वर्षं वटवाघळांवर घालवली, तेव्हा कुठं माणूस मिळाला मला!"

"खाली ताट द्या, रिकामं," गफ्फारभाई म्हणाले.

"खाली ताट गेलं की त्या पाच मिन्टात ओळखतीन. घरात अन्न असून ताट खाली, म्हणजे रात."

"मग तब्येतीचं कारण..." सरांनी सुचवलं.

"बोलायचं नाही ना कोणी? तुमचाच कायदा."

तिसऱ्यांदा घंटी. पूनमचंद गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले होते. ते जेठ, म्हणजे थोरले दीर; त्यांच्याशी प्रेमाबाई थेट बोलत नसे. तिने पदर पुढं ओढला आणि घंटीची दोरी बांधलेल्या खांबाला म्हणाली, "मोठ्या मालकाले सांग, काळजी करू नका म्हणावं. मी पाह्यतो."

पूनमचंद खांबाला म्हणाले, "बरं."

प्रेमाबाई ताट घेऊन सरकली, तसा तिचा पाय गफ्फारभाईंच्या थैलीला लागला आणि दोन-तीन बटाटे घरंगळत तिच्या ताटाकडे निघाले. सवयीने तिने ताट झटकन उचलून बाजूला घेतलं. जमिनीखाली पिकलेलं, कांदा, लसूण, बटाटा, या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. ताटाला बटाटा शिवला तर सूरजबाई ते ताट गायीला घालतील, पण...

प्रेमाबाई थांबली. तिने बटाट्याकडे पाहिलं. मग ताटाकडे.

"गफ्फारभाई," ती म्हणाली, "एक द्या बरं. मोठा पाहून."

"हे? कच्चं?"

"तुमीच ठेवा ताटात. पोळीवर, मधोमध. दिसला पाह्यजे."

गफ्फारभाईंनी बटाटा फडक्याने पुसला आणि तूप लावलेल्या पोळ्यांवर ठेवला, एखाद्या दुकानदाराने काचेत घड्याळ मांडावं तसा. ताट खिडकीतून आत गेलं. आतलं झाकण उघडल्याचा आवाज आला. आणि मग दोन हात जाड भिंतीतून, बारीक पण स्वच्छ, सूरजबाईंचा आवाज आला :

"प्रेमा! अक्कल कोन्या झाडाले टांगून आली वं? आलू! माह्या ताटात आलू! भायेर येऊ दे मले!"

बाहेरच्यांनी बोलायचं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा प्रेमाबाईला "हो, भाभीजी" म्हणावं लागलं नाही, तेही शास्त्राच्या परवानगीने. ती भिंतीला टेकून बसली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधान म्हणायला हरकत नाही.

ताट जसंच्या तसं परत आलं. फक्त बटाटा आला नाही.

"पण त्यांना संशय आला तर?" सरांनी विचारलं. "बटाटा म्हणजे रात्र, असं ताडलं तर?"

"भाभीजीले एकच समजन," प्रेमाबाई म्हणाली, "का प्रेमा येडी आहे. ते त्यायले पहिलेपासून मालूम आहे. नवीन काही नाही."

सरांनी थोडा वेळ विचार केला. मग वहीत लिहिलं, 'सायं. ७.१०. भोजनाची मागणी. आहार अस्वीकार्य ठरल्याने भोजन नाही.' वाचून पाहिलं. वाक्य शास्त्रीय होतं.

पुढं ते रोजचंच झालं. सकाळचं म्हणून सूरजबाई जे जेवायच्या ते कधी बाराला, कधी एकला, कधी दोनला. तेव्हा बाहेर लख्ख ऊन असायचं आणि प्रेमाबाई निवांत मनाने ताट वाढायची, त्यात दोन पोळ्या जास्तीच्या ठेवायची. संध्याकाळचं म्हणून घंटी वाजायची ती गुरुवारी सव्वाआठला, शुक्रवारी सव्वानऊला, आणि पुढं आणखी उशिरा. तिला उत्तर म्हणून बटाटा जायचा. मेहरबी ऐकून आधी पोट धरून हसली. मग रोज स्वतः निवडून एक बटाटा द्यायला लागली, डाग नसलेला. "बिचारी सूरजबाई पाहातीन तं," ती म्हणाली, "मानसाचं घर कसं आहे ते मालावरून समजते." शिव्या मात्र रोज वाढत गेल्या. शनिवारी सूरजबाईंनी प्रेमाबाईच्या माहेरच्यांना घेतलं. सर कान बंद करून वहीत वेळ लिहीत होते. प्रेमाबाई मान डोलवत ऐकत होती, ओळखीचं भजन ऐकावं तशी.

गावात बातमी फुटली होतीच. शेजारणी विचारायच्या, "प्रेमाबाई, सूरजबाईचा सूर्य बरोबर चालून राह्यला ना?" प्रेमाबाई म्हणायची, "सूर्य तं बरोबर चालून राह्यला." कोणाचा, ते ती सांगत नसे. या दिवसांत घरात संध्याकाळी "बस" म्हणणारं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी सगळे हातात घास धरून एकमेकांकडे पाहत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून प्रेमाबाई दारात जाऊन सूर्य पाहून यायची आणि म्हणायची, "आटपा." तेवढ्याने चालत होतं.

सोमवारी सकाळी दहाला सात दिवस पुरे झाले. सरांनी दार उघडलं. आत कंदील बारीक केलेला, आणि सूरजबाई गाढ झोपलेल्या. चार हाका मारल्यावर त्या उठून बसल्या.

"काहून उठवलं? अजून तीनबी वाजले नसतीन."

"काकू, सकाळचे दहा वाजलेत."

"कायचे दहा वो? माह्यं अंग मले मालूम नाही काय?" असं म्हणत त्या पदर सावरत बाहेर आल्या आणि गोदामाच्या दारातलं ऊन थोबाडीत बसावं तसं त्यांच्या तोंडावर बसलं. त्या डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिल्या. शेजारणी जमल्या होत्या. पूनमचंद होते, गफ्फारभाई होते. डोळे निवळल्यावर सूरजबाईंना सगळ्यात आधी प्रेमाबाई दिसली, आणि सूर्याचं पुढं पाहू असं ठरवून त्या आधी तिच्याकडे वळल्या.

"ही पाहा! साऱ्या गावानं पाहा!" त्यांनी पदराची गाठ सोडली. पाच बटाटे होते. पुरावा म्हणून आतल्या कोनाड्यात ओळीने मांडून ठेवलेले, बाहेर येताना गाठीला बांधलेले. "पाच डाव! पाच डाव हिनं मले आलू वाढला! पाच रोज मी एका जेवनावर काढले! काहून, विचारा तिले!"

प्रेमाबाईने सरांकडे पाहिलं. सरांनी गफ्फारभाईंकडून डबा उघडून घेतला आणि फीत गोदामाच्या फरशीवर उलगडली. तीन मीटरच्या वर भरली. सूरजबाई वाकून पाहू लागल्या. त्यात रोज एके ठिकाणी बोटाच्या रुंदीएवढी, फूटपट्टीने मारावी तशी सरळ रेघ होती.

"हे तुमचं सामायिक," सर म्हणाले. "झोपेतसुद्धा माणूस इतका स्थिर नसतो, काकू. मी असं कुठं पाहिलं नाही."

सूरजबाईंनी शेजारणींकडे एकदा पाहून घेतलं.

"आणि हे," सरांनी पेन्सिल पुढं सरकवली, "तुम्ही दोरी ओढायला उठलात ते. ही वही. सोमवार पाच. मंगळवार सहा-पाच. बुधवार सात-दहा."

"सात-दहा?"

"गुरुवार सव्वाआठ. शुक्रवार सव्वानऊ. शनिवार..."

"थांबा." सूरजबाई फितीजवळ खाली बसल्या. त्यांनी बुधवारच्या रेघेवर एक बटाटा ठेवला. गुरुवारच्या रेघेवर दुसरा. असे पाचही ठेवले. सोमवार आणि मंगळवार मोकळे राहिले. एकही बटाटा उरला नाही, एकही रात्र उरली नाही.



"म्हणजे पाच डाव म्या रातीचं जेवन मागतलं," त्या म्हणाल्या.

"हो," सर म्हणाले.

"आन् एक डावबी खाल्लं नाही."

"नाही."

"मंग नेम?"

हे सरांच्या विषयात येत नव्हतं. उत्तर प्रेमाबाईने दिलं. "नेम जागेवर आहे, भाभीजी. सत्तावीस वर्षं, आन् वर हे सात दिवस."

सूरजबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, एरवी अशा उठत नसत. शेजारणींपैकी एकीने धीर करून विचारलं, "मंग वो, अंगातला सूर्य?"

"आहे ना," सूरजबाई म्हणाल्या. "अंधारात ठेवला तं तो तरी काय करन?" आणि बटाटे गफ्फारभाईंच्या पुढं सरकवत म्हणाल्या, "मेहरबीले सांगा, माल चांगला आहे. पाच दिवसात एक खराब झाला नाही."

सरांचा प्रबंध पुढं नागपूरला गेला. त्यात बटाट्याचा उल्लेख एका तळटीपेत आहे, आणि परीक्षकांनी नेमकी तीच टीप खुलासा मागून परत पाठवली. पण ती वेगळी कटकट.

त्या दिवशी संध्याकाळी घर ब्याळूला बसलं. आभाळ भरून आलं होतं, दारातून ऊन दिसत नव्हतं. सूरजबाई आपल्या जागी, भिंतीकडे तोंड करून. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे. हात गुडघ्यावरून थोडा उचलला गेला, तिथंच थांबला आणि परत ताटात आला.

"प्रेमा," त्या म्हणाल्या, मान न वळवता. "पाह्य बरं."

प्रेमाबाई उठली. दारात गेली, मावळतीच्या अंगाला ढगांखाली तांबूस पट्टा होता तो पाहिला, पंचांग पाहिलं, कोनाड्यातलं घड्याळही पाहिलं. परत आली आणि सूरजबाईंच्या ताटात दोन पोळ्या वाढल्या.

"अजून येळ आहे, भाभीजी. खा."

"हो," सूरजबाई म्हणाल्या, आणि जेवू लागल्या.